विषाणूचे कवच आणि चरबीची पिशवी : जिवंत पेशीत जनुक पोचविण्याची रीत

(शेतकरी मेळाव्याच्या पशुआरोग्य सत्रात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मागील मेळाव्यात राणीखेत रोगाच्या लसीकरणावर बोलून मी खाली बसलो, तेव्हा मागच्या रांगेतील एका ताईंनी उठून प्रश्न विचारला. त्यांच्याकडे ऐंशी गावरान कोंबड्या होत्या. बचत गटातून कर्ज काढून पक्षी घेतले होते. लस आणली, पाण्यातून पाजली, आणि तरीही महिनाभरात मानमोडीने खुराडे रिकामे झाले. त्या म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, लस खोटी होती की आमचं नशीब खोटं?"

त्यांच्या पुढे बसलेल्या एका तरुण शेतकऱ्याने लगेच दुसरा प्रश्न जोडला. "साहेब, आता जनुकाच्या लसी निघाल्यात म्हणे. त्या टोचल्या तर जनावराची अवलाद बदलणार नाही ना? अन् त्याचं अंडं, दूध खायचं का?"

त्या दिवशी वेळ अपुरा पडला. आज मी दोन्ही प्रश्न एकत्र घेणार आहे, कारण दोहोंची उत्तरे एकाच ठिकाणी सापडतात. ते ठिकाण म्हणजे विषाणूचे कवच. हे कवच काय काम करते ते नीट समजले, की जपानमधील शास्त्रज्ञांनी जिवंत शरीरात जनुक पोचविण्याची जी रीत बसविली ती समजते, आणि ताईंची लस कुठे वाया गेली तेही समजते.

पेशीचे दार बंद असते

आपले, जनावरांचे आणि पिकांचे शरीर पेशींचे बनलेले असते. प्रत्येक पेशीच्या केंद्रकात डीएनए नावाची लांब तार असते. या तारेवर कोणते प्रथिन कसे बनवावयाचे याच्या सूचना असतात. एका प्रथिनाची सूचना म्हणजे ढोबळमानाने एक जनुक, असे समजावे. सूचना सदोष असेल तर प्रथिन बनत नाही, किंवा चुकीचे बनते, आणि त्यातून काही आजार उद्भवतात. मग बाहेरून चांगली सूचना पेशीत पोचविली तर? जनुकोपचाराची कल्पना ती एवढीच.

बोलायला सोपी असलेली ही गोष्ट करायला मात्र फार अवघड आहे. पेशीभोवती चरबीच्या दोन थरांचे पातळ आवरण असते. त्याची जाडी माणसाच्या केसाच्या जाडीच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढी असते. एवढे पातळ असूनही ते डीएनएला आत येऊ देत नाही. डीएनएची तार मोठी असते, तिच्यावर ऋण विद्युत्‌भार असतो आणि ती पाण्यात रमणारी असते. चरबीतून ती सहजी पार होत नाही. नुसते डीएनए रक्तात सोडले तर रक्तातील विकर त्याचे तुकडे करतात. पेशीने ते गिळले तरी बहुतेक वेळा ते पेशीच्या पचन करणाऱ्या कप्प्यात जाऊन पडते आणि तेथे जिरून जाते. पत्र चांगले लिहिले, पण ते घरात पोचण्याऐवजी चुलीत गेले, असा हा प्रकार होतो.

म्हणजे जनुकोपचारात जनुक तयार करणे हे निम्मे काम झाले. उरलेले निम्मे काम ते पेशीत नेऊन पोचविण्याचे आहे, आणि तेच अधिक कठीण आहे.

विषाणू आत कसा शिरतो?

हे पोचविण्याचे काम निसर्गात रोज करणारा एकजण आहे. तो म्हणजे विषाणू. विषाणू म्हणजे थोडेसे जनुकीय द्रव्य आणि त्याभोवती कवच. त्याला स्वतःचे घर नाही, चूल नाही. दुसऱ्याच्या पेशीत शिरल्याशिवाय त्याला वाढता येत नाही. त्यामुळे दार उघडण्यात तो वाकबगार असतो.

कुमाऊँच्या डोंगरातील राणीखेत या गावावरून ज्याचे नाव पडले, तो कोंबड्यांच्या मानमोडीचा विषाणू आपणां सर्वांस माहीत आहे. त्याचा एक नातलग जपानमधील सेंदाई या शहरात १९५० च्या दशकाच्या सुरुवातीस सापडला. त्याला सेंदाई विषाणू असे म्हणतात. त्याचे दुसरे नाव एचव्हीजे, म्हणजे रक्तपेशींच्या गुठळ्या करणारा जपानी विषाणू. तो मुख्यतः उंदरांच्या श्वसनमार्गात रोग करतो. गोवर, गालगुंड, शेळ्या-मेंढ्यांतील पीपीआर आणि पूर्वी आपल्या गोठ्यांत हाहाकार उडविणारी, २०११ साली जगातून संपल्याचे जाहीर झालेली बुळकांडी, हे सारे याच मोठ्या कुळातील रोग होत.

राणीखेत आणि सेंदाई या दोन्ही विषाणूंच्या कवचाची घडण सारखीच आहे. कवच चरबीचे असते आणि त्यावर दोन प्रकारची प्रथिने काट्यांप्रमाणे उभी असतात. पहिले प्रथिन पेशीवरील विशिष्ट शर्करेला चिकटते. त्याचे काम पेशीस पकडून ठेवण्याचे. दुसरे प्रथिन विषाणूची चरबी आणि पेशीची चरबी एकमेकींत मिसळविते. रश्श्यावर तेलाचे दोन थेंब तरंगत असतात, ते जवळ आले की एकाचा दुसरा होऊन जातो, हे आपण रोज पाहतो. तसेच येथे घडते. दोन आवरणांचे एक आवरण होते आणि विषाणूच्या पोटातील माल थेट पेशीत उतरतो, पचनाच्या कप्प्यात न जाता.

या दुसऱ्या प्रथिनाची एक खुबी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ते तयार होते तेव्हा मिटलेल्या चाकूसारखे निरुपयोगी असते. शरीरातील एखाद्या विकराने त्यास ठरावीक जागी कापले, म्हणजेच ते काम करू लागते. लासोटा या लसीच्या विषाणूत ही जागा अशी असते, की श्वसनमार्गात व आतड्यात आढळणारी विकरेच तिला कापू शकतात. त्यामुळे तो तेथेच थोडा वाढतो, रोगप्रतिकारशक्ती निर्माण करतो आणि थांबतो. तीव्र राणीखेतच्या विषाणूत ही जागा अशी असते, की शरीरातील जवळजवळ प्रत्येक अवयवात ती कापली जाते. मग तो मेंदूपर्यंत पोचतो आणि कोंबडीची मान पिळवटते. मारणारा आणि तारणारा यांत असा एका लहानशा जागेचा फरक आहे.

ओसाका विद्यापीठातील योशियो ओकादा यांना १९५७ साली असे आढळले, की सेंदाई विषाणू पेशींत मिसळला तर शेजारशेजारच्या पेशीही एकमेकींत मिसळून एक होतात. पुढे असे दिसून आले, की विषाणूवर अतिनील किरण सोडून त्याचे जनुकीय द्रव्य निकामी केले तरी कवचाची ही मिसळविण्याची शक्ती टिकून राहते. विषाणू वाढू शकत नाही, रोग करू शकत नाही, परंतु दार उघडू शकतो. १९६५ साली इंग्लंडमध्ये याच निकामी विषाणूच्या साहाय्याने माणसाची आणि उंदराची पेशी एकत्र करण्यात आली.

चरबीची पिशवी

आता दुसरी बाजू पाहू. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळ बाब्राहम येथे पशूंच्या शरीरक्रियांचा अभ्यास करणारी संस्था होती. तेथे ॲलेक बॅंगहॅम हे १९६० च्या दशकात लेसिथिन या चरबीयुक्त पदार्थावर काम करीत होते. अंड्याच्या बलकात लेसिथिन भरपूर असते. ते पाण्यात टाकले की त्याच्या सूक्ष्म पिशव्या आपोआप तयार होतात आणि प्रत्येक पिशवीत थोडे पाणी अडकून राहते, असे त्यांना दिसले. १९६५ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. या पिशव्यांना पुढे लिपोसोम असे नाव पडले.

सोयाबीन पिकविणाऱ्या बांधवांनी हे विशेष लक्षात घ्यावे. सोयाबीनचे तेल शुद्ध करताना जे लेसिथिन निघते, त्यापासूनही लिपोसोम बनवितात. शेतमालातून निघणारी ही वस्तू औषधनिर्मितीत फार उपयोगाची ठरली आहे.

लिपोसोमच्या पाण्यात औषध विरघळविता येते, तसे जनुकही ठेवता येते. पिशवीच्या आत असलेल्या जनुकास रक्तातील विकरे सहसा तोडू शकत नाहीत. अडचण एकच होती. साध्या पिशवीस दार उघडता येत नाही. पेशी तिला गिळते आणि आतील माल पचनाच्या कप्प्यात वाया जातो.

दोहोंची जोड

एकाकडे माल सुरक्षित ठेवणारी पिशवी होती, तर दुसऱ्याकडे दार उघडणारे कवच. ओसाका विद्यापीठातील यासुफुमी कानेदा व त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोहोंची जोड घातली. त्यांची रीत थोडक्यात अशी.

प्रथम लेसिथिनसारखी चरबी आणि कोलेस्टेरॉल यांच्या पिशव्या करून त्यांत जनुक भरावयाचे. सेंदाई विषाणू कोंबडीच्या गर्भयुक्त अंड्यात वाढवून घ्यावयाचा. आपली राणीखेतची लासोटा लसही अशाच अंड्यांत वाढवितात. मग त्या विषाणूवर अतिनील किरण सोडून त्याचे पोट निकामी करावयाचे. नंतर पिशव्या आणि विषाणू एकत्र करून शरीराच्या तापमानास, म्हणजे ३७ अंश सेल्सिअसला ठेवावयाचे. विषाणूचे कवच पिशवीच्या चरबीत मिसळून जाते. शेवटी साखरेच्या द्रावणात हे मिश्रण अतिशय वेगाने फिरवून उरलेला सुटा विषाणू वेगळा काढावयाचा. हाती येते ती चरबीची पिशवी, आत जनुक आणि अंगावर विषाणूची दोन्ही प्रथिने.

कानेदा यांनी आणखी एक युक्ती केली. पेशीत उतरलेले जनुक केंद्रकापर्यंतही जावे लागते. त्यासाठी त्यांनी जनुकासोबत केंद्रकातील एक प्रथिन बांधून दिले. १९८९ साली त्यांनी दाखविले, की अशा रीतीने पाठविलेले जनुक प्रौढ उंदराच्या यकृतात अधिक चांगले काम करते. जिवंत, वाढ पूर्ण झालेल्या प्राण्याच्या अवयवात, पेशी बाहेर न काढता, जनुक पोचले होते.

पुढे १९९३ ते १९९५ या काळात हीच पिशवी उंदरांच्या मानेतील रक्तवाहिनीत वापरण्यात आली. अरुंद झालेली रक्तवाहिनी फुग्याने रुंद केली, की तिच्या आतील थर पुन्हा वाढून ती परत अरुंद होऊ लागते. जनुकीय द्रव्य त्या जागी पोचवून ही वाढ रोखता येते, असे या प्रयोगांत दिसून आले.

आपल्या देशातही या दिशेने महत्त्वाचे काम झाले आहे. दिल्ली विद्यापीठाच्या दक्षिण परिसरातील देबी सरकार व त्यांच्या सहकाऱ्यांनी सेंदाई विषाणूच्या कवचातून चिकटणारे प्रथिन काढून टाकले आणि फक्त मिसळविणारे प्रथिन ठेवले. या प्रथिनावरील शर्करा यकृताच्या पेशी ओळखतात. त्यामुळे ही पिशवी यकृताच्या पेशींकडे नेमकी जाऊ लागली. हे काम १९९८ साली प्रसिद्ध झाले. पत्रावर पत्ता घालण्यासारखाच हा प्रकार आहे.

मर्यादाही जाणून घ्याव्यात

कोणत्याही नव्या तंत्राच्या गुणांबरोबर त्याचे दोषही आपणांस माहीत असले पाहिजेत. बियाणे घेताना आपण जे करतो तेच येथेही करावे.

पहिली गोष्ट, या रीतीने गेलेले जनुक सामान्यतः पेशीच्या मूळ तारेत जोडले जात नाही. ते वेगळेच राहते आणि काळाने नाहीसे होते. त्यामुळे परिणाम कायमचा राहत नाही. दुसरी गोष्ट, विषाणूचे कवच शरीराला परके असते. त्याविरुद्ध प्रतिकारशक्ती तयार होते आणि पुढच्या खेपेस अडथळा येऊ शकतो. तिसरी गोष्ट, नावाप्रमाणे हा विषाणू रक्तपेशींच्या गुठळ्या करतो. म्हणून मूळ पिशवी थेट रक्तात मोठ्या प्रमाणावर सोडणे सोयीचे नाही. दिल्लीतील शास्त्रज्ञांनी चिकटणारे प्रथिन काढले त्याचे महत्त्व यावरून कळेल.

जिवंत विषाणूंचा वाहन म्हणून उपयोग करण्यातही धोके दिसून आले आहेत. १९९९ साली अमेरिकेत दुसऱ्या एका विषाणूमार्फत जनुक दिलेला १८ वर्षांचा एक तरुण शरीराच्या तीव्र प्रतिक्रियेमुळे दगावला. फ्रान्समध्ये जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांवर केलेल्या उपचारात मुले बरी झाली, परंतु जनुक नको त्या जागी जोडले गेल्याने त्यांतील काहींना पुढे रक्ताचा कर्करोग झाला. या घटनांनंतर शास्त्रज्ञ अधिक सावध झाले. निकामी विषाणूचे कवच आणि चरबीच्या पिशव्या यांकडे अनेकांचे लक्ष का वळले, ते यावरून समजावे.

तसेच, उंदरात यश आले म्हणजे माणसात आले असे होत नाही. सेंदाई विषाणूच्या निकामी कवचाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर चाचण्या झाल्या आहेत आणि प्रयोगशाळांसाठी त्याचे तयार संचही विकले गेले. परंतु जनावरांच्या उपचारासाठी ही पिशवी आपल्या बाजारात आलेली नाही. तेव्हा कोणी विक्रेता 'लिपोसोम' हा शब्द छापलेली बाटली दाखवून जनुकाच्या गोष्टी सांगू लागला, तर सावध राहावे. लिपोसोम म्हणजे केवळ पिशवी. तिच्यात जीवनसत्त्व असू शकते, खनिज असू शकते, काहीही असू शकते. आत काय आहे, किती आहे आणि त्यास परवाना आहे काय, हे तीन प्रश्न विचारावेत आणि पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

अवलाद बदलते काय?

आता त्या तरुण बांधवाच्या प्रश्नाकडे येऊ. आपण गाईच्या कानाला बिल्ला मारतो. म्हणून तिचे वासरू कानात बिल्ला घेऊन जन्मत नाही. मांसपेशीत, यकृतात किंवा रक्तवाहिनीत पोचविलेले जनुक त्या जागी काम करते. अवलाद ठरते ती बीजांड आणि शुक्रजंतू यांमधील तारेवरून. तेथे हे जनुक पोचत नाही ना, याची खातरजमा संशोधनाच्या काळातच करावी लागते.

बीटी कपाशीची गोष्ट वेगळी आहे. आपल्या देशात २००२ साली तिला परवानगी मिळाली. तेथे जनुक वनस्पतीच्या मूळ तारेतच जोडलेले असते. ते रोपाच्या प्रत्येक पेशीत असते आणि बियाण्यातही उतरते. या दोन गोष्टींची गल्लत करू नये. शिवाय, वनस्पतीच्या पेशीस चरबीच्या आवरणाबाहेर जाड भिंतही असते. त्यामुळे सेंदाई विषाणूची किल्ली झाडावर चालत नाही. तेथे जमिनीतील एक जिवाणू किंवा जनुकाची बंदूक वापरावी लागते.

खाण्याविषयी म्हणाल, तर आपण खातो त्या प्रत्येक भाजीत, अंड्यात आणि मांसात अगणित जनुके असतात. ती पोटात पचतात. तथापि कोणतेही औषध किंवा लस दिल्यावर दूध, अंडी व मांस किती दिवस वापरू नये, याची सूचना वेष्टनावर असल्यास ती पाळलीच पाहिजे.

आणि जनुकाच्या लसी येणार आहेत असे आपण म्हणता, त्या आलेल्याच आहेत. २०२१ साली आपल्यापैकी बहुतेकांनी कोव्हिशिल्ड ही पुण्यात तयार झालेली लस दंडावर घेतली. तिच्यात वाढू न शकणाऱ्या एका विषाणूमार्फत कोरोनाच्या काट्याचे जनुक दिलेले असते. पुण्यातच विकसित झालेल्या आणि जून २०२२ मध्ये आणीबाणीच्या वापरासाठी परवानगी मिळालेल्या लसीत जनुकाची तात्पुरती प्रत चरबीच्या अतिसूक्ष्म कणांबरोबर दिलेली असते. कोंबड्यांचे पाहावयाचे, तर अनेक देशांतील उबवण केंद्रांत टर्कीच्या एका निरुपद्रवी विषाणूत राणीखेतच्या मिसळविणाऱ्या प्रथिनाचे जनुक घालून केलेली लस वापरली जाते. मघाशी सांगितलेला मिटलेला चाकू तो हाच. त्याची ओळख शरीरास आधीच करून दिली, की खरा शत्रू आला तर शरीर तयार असते.

ताईंची लस कुठे वाया गेली?

मेळावा संपल्यावर मी त्या ताईंना गाठून सविस्तर विचारपूस केली. लस त्यांनी दवाखान्यातून बर्फात घेतली होती, पण वाटेत बर्फ संपला. दुपारच्या एस.टी.त बाटली भाजीच्या पिशवीत होती. घरी आल्यावर त्यांनी ती नळाच्या पाण्यात मिसळली. त्याच सकाळी ग्रामपंचायतीने टाकीत टीसीएल पावडर टाकली होती. निम्मे पाणी उरले, ते दुसऱ्या दिवशी पाजले.

आता आपणच सांगा, दोष कोणाचा? लस खोटी नव्हती आणि नशीबही नव्हते. लासोटा लसीतील विषाणू जिवंत असतो. त्याचे कवच चरबीचे आणि प्रथिनांचे. टीसीएलमधील क्लोरीन ते कवच मोडून टाकतो. उष्णतेने प्रथिनांची घडी विस्कटते. उन्हातील अतिनील किरण त्याच्या पोटातील जनुकीय द्रव्यास इजा करतात. जपानमधील शास्त्रज्ञ मोजून मापून, कवच सांभाळून, मुद्दाम जे करीत होते, ते आपल्याकडे नकळत होते आणि कवचही सांभाळले जात नाही. मग पक्षी पाणी पितो, पण त्याच्या पेशीपर्यंत काहीही पोचत नाही.

यासाठी पुढील बाबी कटाक्षाने पाळाव्यात.

१) लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानातच आणावी व ठेवावी. थर्मासमध्ये बर्फ भरून न्यावे. बाटली खिशात किंवा उघड्या पिशवीत ठेवू नये.

२) लस पाजण्यापूर्वी व नंतर किमान २४ तास पाण्यात टीसीएल किंवा कोणतेही जंतुनाशक वापरू नये. विहिरीचे स्वच्छ पाणी, अथवा उकळून पूर्ण थंड केलेले पाणी वापरावे.

३) दर लिटर पाण्यात सुमारे ५ ग्रॅम सायविरहित दुधाची भुकटी लस टाकण्यापूर्वी मिसळावी. दुधातील प्रथिने उरलासुरला क्लोरीन शोषून घेतात व विषाणूचे रक्षण करतात.

४) भांडी प्लास्टिकची, स्वच्छ आणि साबणाचा अंश नसलेली असावीत. साबण चरबीचे कवच विरघळवितो.

५) पक्ष्यांना अगोदर एक ते दोन तास तहानलेले ठेवावे. काम सकाळी लवकर किंवा सायंकाळी सावलीत करावे. लसीचे पाणी दोन तासांत संपेल एवढेच करावे. उरलेले दुसऱ्या दिवशी पाजू नये.

६) परसातील थोड्या पक्ष्यांना पाण्यापेक्षा डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकणे चांगले. प्रत्येक पक्ष्यास लस मिळाल्याची खात्री राहते.

७) पिलांना साधारण ५ ते ७ व्या दिवशी लासोटा, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा लासोटा आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी लसीचे इंजेक्शन द्यावे. आर-टू-बी लहान पिलांना देऊ नये. आजारी पक्ष्यांना लस टोचू नये. आपल्या भागातील रोगाची स्थिती पाहून पशुधन विकास अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा.

लसीने काम केले की नाही, हे तपासण्याचीही सोय आहे. लस दिल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी काही पक्ष्यांच्या रक्ताची तपासणी प्रयोगशाळेत करून घेता येते. राणीखेतचा विषाणूही सेंदाईप्रमाणे रक्तपेशींच्या गुठळ्या करतो. पक्ष्याच्या रक्तात प्रतिकारशक्ती असेल तर ती या गुठळ्या होऊ देत नाही. किती पातळ केलेल्या रक्तजलापर्यंत गुठळ्या थांबतात, यावरून संरक्षण किती ते कळते. ज्या गुणावरून जपानी विषाणूस नाव मिळाले, तोच गुण आपल्या कोंबड्यांची परीक्षा घेण्यास उपयोगी पडतो.

बंधू-भगिनींनो, ओसाकातील प्रयोगशाळा आणि आपले खुराडे यांत अंतर फार मोठे आहे. पण दोन्हीकडे प्रश्न एकच आहे. माल चांगला आहे, तो पेशीच्या दारापर्यंत शाबूत पोचतो काय? तेथील शास्त्रज्ञांनी हे पोचविण्याचे काम साधण्यासाठी अनेक वर्षे खर्ची घातली. आपल्याला त्यासाठी एक थर्मास, टीसीएल नसलेले पाणी आणि दोन तासांची सवड पुरेशी आहे.

त्या ताईंनी यंदा पुन्हा चाळीस पिले घेतली आहेत. पहिली लस त्यांनी माझ्यासमोर, एकेका पिलाच्या डोळ्यात थेंब टाकून दिली. आपणही आपली लस अशीच जपावी, अशी विनंती करून मी माझे बोलणे संपवितो.